पडण्याचा तास

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आमच्या बाई दिवसातून चार-चार वेळा पडायच्या, आणि तेही मुद्दाम. कधी स्टुलावरून, कधी ओट्यावरून, कधी पाणी शिंपडलेल्या फरशीवरून. पदर खोचायचा, चष्मा काढून जवळच्या कुणाच्या तरी हातात द्यायचा, "बघा हं, नीट बघा," असं बजावायचं आणि धाडकन पडायचं. पडल्या जागेवरूनच दोन्ही तळहात आमच्यासमोर धरायच्या.

"काय लागलं? तळवे लागले. गुडघे लागले. हनुवटी थोडक्यात वाचली. पाठ लागली का? न्हाई. कान लागला का? न्हाई. मंग तुमच्या रजिस्टरातल्या बाया पडून कान कसा फोडून घेतेत, ते मला कुणीतरी एकदा पडून दाखवा!"

आणि मग स्वतःच खदखदा हसायच्या. एवढ्या गंभीर विषयावर एवढं मोठ्यानं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आजही त्यांची आठवण आली की माझ्या अंगात वीज शिरते, आणि कुठल्या तरी ओट्यावरून उडी मारावीशी वाटते. आता माझे गुडघे ऐकत नाहीत, ते सोडा.

बाईंचं सगळं आयुष्य आरोग्य खात्यात गेलेलं. आधी नर्स, मग हेल्थ व्हिजिटर, मग नर्सांना शिकवणाऱ्या. नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाचं नवं कलम तेव्हा आलेलं होतं. कलम आलं म्हणजे काम झालं, असं बाकी सगळ्यांनी धरलं. बाई मात्र परभणीच्या कचेऱ्यांत चकरा मारू लागल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मार खाल्लेली बाई आधी दवाखान्यात येते, मग कधीतरी चौकीत जाते. तिथं बसलेल्यांना ती ओळखूच आली नाही, तर कलम कुणाला लावणार? साहेब लोक त्यांना बघून फायलीत तोंड घालायचे. शेवटी एकानं कंटाळून सही दिली, आणि परभणीत एका जुन्या गोदामात बाईंचे वर्ग सुरू झाले.

माझी त्यांची गाठ मात्र त्याआधी चारच दिवस चुडाव्यात पडली होती. मी तिथल्या उपकेंद्रावर नर्स. नोकरीला वर्ष झालेलं, अंगात उत्साह मावत नव्हता, आणि रजिस्टर म्हणजे माझा जीव की प्राण. लाल शाईच्या रेघा, वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड म्हणून नाही. बाई तपासणीला आल्या त्या स्टेशनावरून ताडताड चालत. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही उजव्या हातात. पिशवीतून फुटाणे काढून तोंडात टाकत त्यांनी रजिस्टर उघडलं. आता अक्षराचं कौतुक होणार म्हणून मी उभी. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'जिन्यावरून पडून दंडास मार.'

"हिचं घर कुठं हाय, सिस्टर?"

"इथंच, पाराच्या मागं."

"चला."

"कशाला बाई?"

"जिना बघायला."

आम्ही गेलो. दारात सासू होती. हिवतापाची तपासणी आहे असं बाईंनी तिला खणखणीत आवाजात सांगितलं, रांजणात डोकावल्या, मोरी बघितली आणि घराला एक फेरी घातली. घर दोन खणांचं, वर मातीचं धाबं. जिना सोडाच, धाब्यावर चढायला शिडीसुद्धा शेजारून आणावी लागत असणार. आम्ही उपकेंद्रात परत आलो. मग त्यांनी रजिस्टर मागे मागे चाळलं. वर्षभरात माझ्या वळणदार अक्षरात गावातल्या कितीतरी बाया जिन्यावरून पडल्या होत्या, आणि अख्ख्या गावात जिना होता एकच, पाटलांच्या माडीचा.

"सगळ्या बाया पाटलाच्या माडीवर जाऊन पडून येतेत का काय?" बाईंनी विचारलं.

माझं तोंड एवढंसं झालं. ज्या बाईचा दंड मी स्वतःच्या हातानं शेकला होता, तिचं घर मी रोज ओलांडत होते. तिनं सांगितलं ते मी लिहिलं, आणि सांगताना तिची सासू शेजारी बसली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रडूच फुटलं. बाईंनी माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले.

"रडू नका. मी वीस वरीस असंच लिवलं. सोमवारी परभणीला या."

"कशाला?"

"पडायला," बाई म्हणाल्या.

त्या गोदामातल्या वर्गात आम्ही नर्सा होतो, दोन कंपाउंडर होते आणि मागच्या बाकांवर पोलीस. विद्यापीठाच्या नामांतराचा बंदोबस्त निघाला की मागची बाकं ओस पडायची. परत आले की त्यांचे डोळे तांबारलेले असायचे. "झोपू नका," बाई त्यांना म्हणायच्या, "मी आता पडणार हाय."

बाई कुणालाच नावानं हाक मारत नसत. सिस्टर, कंपाउंडर, जमादार. नावाच्या माणसाला सवयी असतात, हुद्द्याच्या माणसाला काम असतं, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या पिशवीत फुटाण्यांशेजारी एक जुना रबरी शिक्का असायचा. त्यावर 'तपासले' एवढंच लिहिलेलं. हा शिक्का कुठल्याच कागदाला लागत नसे. पण मार लागलेल्या बाईसोबत नवरा किंवा सासू आली की तिचा केसपेपर त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "पलीकडच्या खिडकीवरून एवढा शिक्का मारून आणा, त्याबिगर औषध मिळत न्हाई." पलीकडच्या खिडकीत आधीच शिक्का देऊन बसवलेल्या माणसानं मग तो शोधल्यासारखं करायचं, शाई शोधायची, पेपर उलटा धरायचा. तेवढ्या वेळात आत विचारून घ्यायचं. दवाखान्यात औषधावर शंका घेणारे पुष्कळ असतात, शिक्क्यावर शंका घेणारा बाईंना जन्मात भेटला नव्हता.

विचारायचंही त्यांनी शिकवलं. आडवळण नको. 'घरी सगळं ठीक ना?' असं तर मुळीच नको, कारण त्याला 'हो' शिवाय उत्तर नाही. जखमेकडे बघायचं, तिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, कुणी मारलं? आणि एकदा विचारलं की गप्प बसायचं. ह्या गप्प बसण्याचा सराव बाई घड्याळ लावून घ्यायच्या. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. तोंड पहिलं कोण उघडतंय ते बाई सेकंदकाट्यावर बघायच्या. आम्ही सगळेच नापास व्हायचो. मी तर सांत्वनच सुरू करायची. आणि सगळ्यांत आधी तोंड उघडायचे ते जमादार.

हे चौकीतले जमादार म्हणजे वर्गाची शान. धिप्पाड, दिलखुलास, आवाज असा की बाहेरच्या टांग्याचे घोडे कान टवकारत. त्यांचा एका गोष्टीसाठी बोलबाला होता. नवरा-बायकोचं भांडण त्यांच्यापुढं आलं की ते कागदावर जाऊच द्यायचे नाहीत. नवऱ्याला चार शिव्या हासडायच्या, बायकोला चार समजुतीच्या गोष्टी सांगायच्या, टेबलाच्या खणातून साखरेची पुडी काढायची, दोघांना एकमेकांच्या तोंडात साखर घालायला लावायची आणि घरी पाठवायचं. ह्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. कुणाचं घर मोडलं नाही, असं ते सांगायचे, आणि खरं सांगते, ऐकताना आम्हालाही ते पटायचं. माणूस लोभी नव्हता, दुष्ट तर नव्हताच.

"मंग ती साखर खाऊन गेलेली बाई परत आली का कधी?" बाईंनी एकदा विचारलं.

"एकबी न्हाई," जमादार छाती काढून म्हणाले.

"का आली न्हाई, ते बघितलं का जाऊन?"

जमादार हसले. आम्हीही हसलो. बाई त्या दिवशी हसल्या नाहीत.

आणि मग तो तास आला. त्या दिवशी बाईंनी पडायला जमादारांनाच उभं केलं. ते स्टुलावर चढले, गोदाम हसून फुटायला आलं, आणि ते असे पडले की कौलांतून माती खाली आली. तळवे खरचटले, कोपर सोललं. बाईंनी सगळ्यांना ते फिरवून दाखवलं. मग काही न बोलता त्यांचा डावा दंड आपल्या मुठीत घट्ट आवळला.

"आता सुटून दाखवा, जमादार."

जमादारांनी हिसका दिला. बाईंची पकड काय सांगू! बाळंतपणं करून कमावलेली. दोन-तीन हिसक्यांनंतर त्यांनी सोडलं, बाही वर सरकवली आणि सगळ्यांना पुढं बोलावलं. दंडाच्या एका अंगाला चार लाल वळ, दुसऱ्या अंगाला एक.

"हे पडून उठतंय का?"

जमादार स्वतःच्या दंडाकडे बघत राहिले. मला वाटलं काहीतरी विनोद करतील. त्यांनी बाही खाली केली, बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, तसेच उठून बाहेर गेले. अर्ध्या तासानं बाईंनी मला खूण केली. आम्ही बाहेर गेलो तर जमादार पायरीवर बसले होते, टोपी मांडीवर.

"माझी लेक सेलूला दिली हाय," ते म्हणाले. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी मला वाकून ऐकावं लागलं. "दोनदा निघून आली. दोन्ही खेपेला मीच पोचवून आलो. दोन्ही खेपेला साखर… दुसऱ्या खेपेला दंडावर अगदी असंच होतं, बाई. चार इकडं, एक तिकडं. म्हणली, आबा, पडले. मी म्हणलो, खोबरेल लाव."

लगेच ते ताडकन उठले. आत्ताच्या आत्ता वर्दीत सेलूला जातो, जावयाला बाजारातून फरफटत आणतो, असं त्यांचं सुरू झालं. मलाही ते एकदम पसंत पडलं, मी तर चपला घालायला वळलेच. बाई आडव्या आल्या.

"जावा. आणा फरफटत. मंग तुमची गाडी परभणीला निघाली की त्या घरात तिच्याजवळ कोण राहणार? तिला इचारलं का काय पायजे ते? दोनदा तुमीच ठरवलं, तिसऱ्यांदाबी तुमीच ठरवणार?"

"मी बाप हाय तिचा!"

"म्हणूनच म्हणायलेय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही तिघं सेलूला निघालो. जमादार साध्या कपड्यांत. वर्दी नसली की माणूस किती कमी दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. लेकीला पाचवा महिना होता, म्हणून मी वजनकाटा घेतला होता आणि बाईंनी रक्तदाबाचं यंत्र. सेलूत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत सगळीकडे कापूस तरंगत होता. जमादारांना बाजाराच्या भिंतीपाशी चहाच्या हॉटेलात बसवलं. बोलावल्याशिवाय उठायचं नाही, असं बाईंनी त्यांना दोनदा बजावलं.

जावई आडतीवर गेला होता. घरात सासू होती आणि लेक. माझं काळीज असं धडधडत होतं की बाईंनी माझाच रक्तदाब घ्यायला हवा होता! बाई मात्र लग्नघरी आल्यासारख्या आत शिरल्या. "गरोदर बाईच्या तपासणीला आलाव. पण आधी घरातल्या मोठ्या माणसाचं बघावं लागतंय," असं म्हणून त्यांनी सासूच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. पारा बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, तुमी लय काम करायलाव. डोळे मिटून गप पडून राहा बरं बाजेवर. बोलू नका, बोललं की पारा वर जातंय."

तेवढी काळजी तिची कुणी कधी केली नसावी. सासू मुकाट्यानं आडवी झाली, आणि बाई तिच्या उशाशी घड्याळ बघत बसल्या. मी लघवी तपासायची म्हणून लेकीला मागच्या न्हाणीत नेलं.

वीस-एकवीस वर्षांची असेल. मी तिच्या मनगटाच्या वरच्या काळ्यानिळ्या डागाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणी मारलं?"

ती गप्प. मीही गप्प. जिभेच्या टोकावर शंभर वाक्यं नाचत होती, मी ती दातांखाली धरली. रांजणातून पाण्याचा थेंब पडत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मालकानं. पोटात लेकरू हाय म्हणून आता पोट सोडून मारायलेत."

मी तिला म्हणाले, तू सांगतेस ते मला खरं वाटतं. यात तुझा काही दोष नाही. मग तिचे आबा बाहेर बाजारात बसलेत, हे सांगितलं. मला वाटलं होतं ती धावत सुटेल. तिचा चेहरा पांढरा पडला.

"त्यायला कशाला आणलाव? ते आले की साखर चारतेत."

मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण बाईंच्या वर्गात उत्तर ऐकून थांबायचं नव्हतं, पुढचंही विचारायचं होतं. "तुला काय पाहिजे?" मी विचारलं. ह्या घरातून आत्ता निघायचं असेल तर रक्त तपासायच्या निमित्तानं आम्ही नेऊ. नको असेल तर नेणार नाही, आणि कुणाला कळूही देणार नाही. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरचा डोक्यावर घ्यायचा रुमाल काढला. "चला," म्हणाली.

सासू अजून डोळे मिटून होती. "रक्त तपासून आणतो हिचं," बाई म्हणाल्या, आणि सासूनं बोलायचं नाही म्हणून नुसता हात हलवला. रस्त्यावर आल्यावर मला हसू फुटत होतं. बाई डाव्या मनगटावर घड्याळ शोधताना मी एकदाच पाहिल्या, ते त्या दिवशी.

भिंतीपाशी जमादार उभे राहिले. लेक चार हात लांब थांबली. "पोरी, मी तुझा…" असं त्यांनी सुरू केलं. बाईंनी घड्याळाचा हात वर केला. जमादार थांबले. कपाळावरचा घाम पुसला, आणि म्हणाले, "तुला काय पायजे?"

एक कापसाची गाडी गेली. मग दुसरी गेली. जमादारांचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर आला नाही. आमच्या वर्गात असं कुणालाच जमलं नव्हतं. लेकीनं मान वर केली.

"आबा, बाप दोनदा येऊन गेला," ती म्हणाली. "आता मला जमादार पायजे."

त्यांनी एकदा मान खाली घातली. मग ताठ झाले. वर्दी नव्हती, तरी झाले. "मला लिवता येत न्हाई तुझं," ते म्हणाले, "मी बाप हाय, ते चालत न्हाई. इथल्या जमादाराकडं जाऊ. तू सांग, ते लिवतील. मी तोंड उघडणार न्हाई."

सेलूच्या चौकीबाहेरच्या बाकावर बाई आणि मी बसलो. मला आत जायची घाई, काय चाललंय ते बघायची घाई. बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. तिचं तिला बोलू द्या, एवढंच त्या म्हणत होत्या. मी दर पाच मिनिटांनी उठत होते, त्या दर पाच मिनिटांनी बसवत होत्या. फुटाणे संपले. माझ्या आयुष्यात मी एवढी आनंदात आणि एवढी घाबरलेली एकाच वेळी कधी नव्हते. दुपार कलली तेव्हा ती एकटीच बाहेर आली. हाताच्या बोटांना शाई लागली होती.

"समदं माझ्याच हातानं लिवलं," ती म्हणाली. "पैल्यापासून."

"आणि आबा?"

"वाचायलेत. मीच म्हणले, सही करायच्या आधी त्यायला वाचायला द्या."

आतून काहीच आवाज येत नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाला एक तक्रार वाचायला किती वेळ लागावा! बाईंना राहवेना. त्या उठल्या आणि घाईघाईनं दाराकडे निघाल्या, तशी तिनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "वाचू द्या त्यायला. समदं वाचू द्या."